बरं होण्याआधीचं लिहिणं

मनाच्या आजारावर मराठीत कुणी बोलत नाही, ही तक्रार आता जुनी झाली. दिवाळी अंकांत डॉक्टर लिहितात, आईवडील लिहितात, बरे झालेलेही लिहितात. सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ने (२००४) स्किझोफ्रेनिया पडद्यावर आणला, ‘कासव’ने नैराश्य; ‘कासव’ला सुवर्णकमळही मिळालं.

तरी मला एक गोष्ट खटकते. सांगणारा बहुतेक वेळा काठावर उभा असतो. जेरी पिंटो यांची माहीमच्या घरातली कादंबरी शांता गोखले यांनी ‘एम आणि हूमराव’ या नावाने मराठीत आणली. तिच्यातली मनाने आजारी आई विसरता येत नाही, पण तिची गोष्ट सांगतो मुलगा. आणि जो स्वतःबद्दल लिहितो, तो सावरल्यावर लिहितो: लक्षणं, निदान, गोळ्या, घरच्यांची साथ, पुन्हा कामावर रुजू. हे खोटं नसतं. ते वाचून कुणी वेळेवर डॉक्टरकडे जातं, हे मोठंच काम. पण मन मोडताना आधी-नंतरच उरत नाही. ते अशा पायरी-पायरीच्या लेखात मावत नाही.

शेजारच्या हिंदीत ते मावलं आहे. ‘कोर्ट मार्शल’ या नाटकाचे लेखक, अंबाल्याचे स्वदेश दीपक नव्वदच्या दशकात काही वर्षं मनाच्या आजारात बुडालेले होते. ‘मैंने मांडू नहीं देखा’ (२००३) हे त्या काळाचं पुस्तक. उपशीर्षकात ‘कोलाज’ हा शब्द आहे, तो शोभेपुरता नाही. कलकत्त्यात भेटलेली एक स्त्री मांडूला यायचं निमंत्रण देते, दीपक तिला फटकारतात, आणि पुढे तीच मायाविनी होऊन त्यांचा पिच्छा पुरवते. चंदीगडच्या रुग्णालयातला वॉर्ड, भाजलेलं अंग, मित्र, नाटकासारखे संवाद एकमेकांत घुसत राहतात. हा भास, हे खरं, अशी फोड करून द्यायला लेखक थांबत नाही. वाचता वाचता आपल्याही पायाखालची जमीन सरकते.

मराठीला ही रीत परकी नाही. ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो, एकाच माणसाचे दोन. ती फूट जातीने पाडलेली, तिची बरोबरी आजाराशी मी करणार नाही. पण फुटलेल्या ‘मी’ला एका आवाजात कोंबायचं नाही, हे त्या पुस्तकाने दाखवून ठेवलं. दलित आत्मकथनांनी किती तरी गोष्टींची लाज मोडून काढली. या आजाराची मात्र घराघरात टिकून आहे. धाकट्या बहिणीचं लग्न अडेल, ऑफिसात जबाबदारीचं काम देणार नाहीत. ‘ठाण्याला ठेवलं होतं’, ‘येरवड्याला पाठवा’ ही मनोरुग्णालयांवरची वाक्यं लहानपणापासून ऐकलेला माणूस टोपणनावाने लिहितानाही अडखळतो. त्याने धीर करून पाठवलेल्या लेखाला संपादकांनी तरी उजळ शेवट मागू नये.

स्वदेश दीपक २००६ मध्ये एका सकाळी फिरायला म्हणून घराबाहेर पडले, ते परतले नाहीत. पुस्तक येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. ते बरे होऊन राहिले नाहीत, म्हणून त्या पुस्तकाचं मोल मला रतीभरही कमी वाटत नाही.