डोमके एफ-२: एका कापडी पिशवीचं रसग्रहण

१९७०च्या दशकात जिम डोमके अमेरिकेतल्या ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’ या दैनिकात छायाचित्रकार होता. त्या काळात सामान न्यायला अ‍ॅल्युमिनियमची पेटी किंवा चामड्याची ताठ, चौकोनी बॅग वापरायची पद्धत होती. सामान सांभाळायला दोन्ही उत्तम, पण धावपळीत काम करणाऱ्याला दोन्ही अडचणीच्या. पेटी खाली ठेवल्याशिवाय उघडत नाही, आणि मोर्चात किंवा आग लागलेल्या इमारतीसमोर खाली काही ठेवायची सोय नसते. डोमकेने जाड सुती कॅनव्हासची, खांद्याला अडकवायची पिशवी बेतली. १९७६ साली ती बाजारात आली. ‘एफ-२’ हे तिचं नाव. डोमके हा ब्रँड पुढे फिल्टरसाठी प्रसिद्ध असलेल्या टिफेन कंपनीकडे गेला, पण पिशवीचं मूळ रूप फारसं बदललं नाही.

कॅमेऱ्यासाठी केलेल्या बॅगांमध्ये इतकी विचार करून बेतलेली दुसरी बॅग मी पाहिलेली नाही. तिच्या एकेका भागाकडे सावकाश पाहत गेलं की आपल्यासाठी बॅग निवडताना काय बघायचं हेही उमगत जातं. दुकानात आपण बॅग हातात घेतो आणि आधी तिच्या बाजू दाबून बघतो. फोम किती जाड, कप्पे किती, चेन किती. म्हणजे सामान आत असताना सुरक्षित राहील का, एवढाच विचार. डोमकेने विचार केला तो सामान बाहेर कसं निघेल याचा. एफ-२ची सगळी रचना तिथून आली आहे.

आधी पट्टा बघा. बऱ्याच बॅगांचा पट्टा वरच्या दोन कड्यांना अडकवलेला असतो. सगळं वजन त्या कड्यांवर आणि भोवतालच्या चार बोटं शिवणीवर येतं, आणि बॅग फाटते तीही बहुतेक तिथेच. एफ-२चा पट्टा दोन्ही बाजूंनी खाली उतरतो, तळाखालून जातो आणि पिशवीला शिवलेला असतो. त्यामुळे भार कापडावर न येता पट्ट्यावर येतो. पट्ट्याच्या विणीतच रबराचे धागे घातलेले आहेत, म्हणून तो खांद्यावरून घसरत नाही. खांद्यासाठी वेगळी जाड गादी मात्र नाही. पहिल्या दिवशी ती उणीव वाटते. मग लक्षात येतं की काम करताना पिशवी सारखी पाठीवरून कुशीत आणि कुशीतून पोटावर फिरत असते. सरकती गादी अशा वेळी नको तिथे जाऊन बसते. सपाट पट्टा कुठूनही धरला तरी सारखाच.

पिशवीच्या बाजूंना फोम नाही. तळाशी पातळ थर आहे, आणि आत चार कप्प्यांचा एक इन्सर्ट, तोही काढून ठेवता येणारा. ताठ बॅग कमरेपासून अंतर राखून लोंबते, प्रत्येक पावलाला मांडीवर आपटते आणि गर्दीत शेजाऱ्याच्या बरगडीत घुसते. एफ-२ अंगाला लागून बसते. आपल्याकडे पत्रकारांच्या आणि कार्यकर्त्यांच्या खांद्याला जी शबनम असायची, तिची ही जाड कापडाची अमेरिकन बहीण. दिसायलाही तितकीच साधी, आणि हा साधेपणा कामाचा आहे. सात-आठशे ग्रॅमची बॉडी, तेवढ्याच वजनाची २४-७० लेन्स आणि दीड किलोच्या आसपासची ७०-२००, असा लाखांचा ऐवज या पिशवीत आहे हे लोकलमध्ये समोर बसलेल्याला कळत नाही.

झाकण हा या पिशवीतला माझा सगळ्यात आवडता भाग. कापडाचा एक सैल, रुंद तुकडा, त्यात एक लांब चेनचा खण, आणि बंद करायला धातूचे दोन स्प्रिंगचे हूक. काम सुरू झालं की हूक लावायचेच नाहीत. झाकण उचललं की उघडतं, सोडलं की आपल्याच वजनाने पडून तोंड झाकतं. वेल्क्रोची फर्रकन फाटणारी हाक इथे नाही. मैफलीत आलाप चालू असताना किंवा शोकसभेत ज्याने वेल्क्रो ओढला आहे आणि साऱ्या माना आपल्याकडे वळलेल्या पाहिल्या आहेत, त्याला या शांततेची किंमत वेगळी सांगायला नको.

हे सगळं एकत्र कसं चालतं ते ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यात, पुरंदवड्याच्या गोल रिंगणात बघावं. मधे पालखी, भोवती टाळकरी, तुळशी-वृंदावन डोक्यावर घेतलेल्या बाया, पताका. बाहेर हजारोंची दाटी. अश्व सुटायच्या आधी सगळं वर्तुळ घ्यायला रुंद लेन्स लागते आणि अश्व धावू लागले की लांब. मधल्या अवधीत नजर रिंगणावरून हलवायची नसते, कारण अश्व कोणत्या क्षणी सुटतील याचा नेम नाही. पिशवी पोटावर ओढायची, डावा हात झाकणाखाली घालायचा. दुसऱ्या कप्प्यात लांब लेन्स, माउंटची बाजू वर, मागची टोपी आधीच सैल केलेली. बोटांना कप्प्याची कड लागते आणि लेन्स हाताशी येते. उतरवलेली रुंद लेन्स त्याच रिकाम्या कप्प्यात जाते. झाकण सोडून द्यायचं.

आणि खरी परीक्षा पुढे असते. अश्व गेले की त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं धावतात. त्या लोंढ्यात तुम्ही कॅमेरा दोन्ही हातांनी छातीशी धरलेला असतो. चेनची बॅग अशा वेळी उघडीच राहते, कारण चेन ओढायला हात मोकळा नसतो, आणि धूळ लेन्सपर्यंत जाते. इथे सैल झाकण पडलेलं असतं. पूर्ण धूळ ते अडवत नाही, पण बरीचशी अडवतं, आणि तुमच्याकडून कोणतीही कृती मागत नाही. एखादी वस्तू तयार करताना वापरणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असणार हे ज्याने गृहीत धरलं, तो माणूस स्वतः त्या गर्दीत उभा राहिलेला असतो. ही पिशवी बघताना ते मला सतत जाणवतं.

तिच्या उणिवाही खऱ्या आहेत. फोम नाही म्हणजे दगडावर आपटली तर लेन्सला मार बसणारच. स्कूटरच्या पायाशी ठेवून खड्ड्यांतून जाणाऱ्याने ही पिशवी घेऊ नये. दुसरी उणीव पावसाची. सुती कॅनव्हास आपल्या जुलैपुढे टिकत नाही. सरीत तो आधी काळा पडतो, मग आतून ओलसर होतो, आणि कोकणात तर तो दोन-दोन दिवस वाळत नाही. ओल्या कापडात लेन्स ठेवणं म्हणजे काचेवर बुरशीला निमंत्रण देणं. पावसाळ्यात घरी आल्यावर सामान लगेच बाहेर काढून सिलिका जेलच्या डब्यात ठेवायचं, पिशवी पंख्याखाली उलटी टांगायची, हा नेम मोडून चालत नाही. मेण चढवलेल्या कापडाचीही डोमके मिळते. तिच्यावरून पाणी ओघळून जातं, पण मेण अधूनमधून पुन्हा चढवावं लागतं.

पावसासाठी इंग्लंडच्या बिलिंगहॅमचं नाव घ्यायला हवं. मार्टिन बिलिंगहॅमने १९७३ मध्ये सुरुवात केली ती मासेमारीच्या बॅगांपासून. न्यूयॉर्कमधले छायाचित्रकार त्याच बॅगांतून कॅमेरे नेतात हे पुढे कळलं आणि कंपनी तिकडे वळली. त्यांच्या कापडाच्या दोन थरांमध्ये रबराचा थर असतो, त्यामुळे पाणी आत येत नाही. चामड्याच्या पट्ट्या, पितळी गुंड्या, देखणं काम. त्यांची हॅडली मी कोणालाही सुचवेन, विशेषतः लग्नसमारंभात वावरणाऱ्याला. पण चामड्याची पट्टी गुंडीवरून सोडवायची आणि परत बसवायची, यात बोटं आणि नजर दोन्ही जातात. रिंगणात मी डोमकेच घेईन.

मापाबद्दल मात्र डोमकेचं आंधळेपणाने ऐकू नये. एफ-२ बेतली गेली ती फिल्मच्या काळात, दोन बॉडी, तीन-चार लेन्स, फ्लॅश आणि फिल्मचे रोल नेणाऱ्या माणसासाठी. आज मिररलेस बॉडी आणि दोन लेन्स एवढंच ज्याचं सामान, त्याला ती मोठी पडते, आणि मोठ्या पिशवीत उरलेली जागा आपण घरातून निघताना हमखास भरतो. चार किलोंच्या पुढे गेलं की एका खांद्यावरचं ओझं संध्याकाळी मानेत उतरतं. दिवसभर डोंगर चढायचा असेल तर सरळ पाठीवरची सॅक घ्यावी. खांद्यावरची बॅग घ्यायची ती सतत काढ-घाल करायची असेल तरच. याच घडणीच्या लहान पिशव्या, एफ-६ किंवा अरुंद एफ-८०३, बहुतेकांना पुरतात.

डोमके आपल्याकडे सहज मिळत नाही आणि आयातीचा खर्च धरला तर महाग पडते. तिच्याच नावासाठी अडून बसायचं कारण नाही. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात किंवा तुमच्या गावच्या कॅमेऱ्याच्या दुकानात जाल तेव्हा स्वतःचं सगळं सामान बरोबर न्या. बॅग रिकामी पाहून घेऊ नका. सामान भरा, खांद्याला लावा, दुकानाबाहेर रस्त्यावर दहा मिनिटं चालून या. पट्टा कुठवर शिवलेला आहे ते बॅग उलटी करून बघा. मग उभ्यानेच, बॅगेकडे न बघता, एका हाताने लेन्स काढून दाखवा. निघाली तर घ्या. नाही निघाली, तर फोम कितीही जाड असला तरी ती बॅग दुकानातच राहू द्या.