डेबियन १३ : खानदेशातल्या शाळेतून पाहताना

मुक्त सॉफ्टवेअर लिहिणारे वेगळे आणि ते आपल्या संगणकापर्यंत पोचवणारे वेगळे, हे सहसा लक्षात येत नाही. रावेर-सावद्याचा शेतकरी केळी पिकवतो. पण फण्या कापून, धुऊन, प्रत पाहून खोकी भरणारा माणूस दुसराच असतो. दिल्लीच्या गिऱ्हाइकाला माल कसा मिळणार, हे बरेचसे त्याच्या हाती. १९९३ साली सुरू झालेला डेबियन प्रकल्प म्हणजे लिनक्ससाठी अशी खोकी भरणाऱ्या स्वयंसेवकांचा मेळा. ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलेल्या त्याच्या १३ व्या आवृत्तीत ६९ हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत.

पॅकेजमध्ये नुसता प्रोग्रॅम नसतो. त्याला आणखी काय लागते याची यादीही असते. ‘स्टेलेरियम’ हे आकाशदर्शनाचे सॉफ्टवेअर मागितले, की ‘ॲप्ट’ ही यादी वाचून बाकीचे तुकडे आपण होऊन आणतो आणि डिजिटल सही पडताळतो. हे काम फार चोख आहे.

पण खोकी भरणाऱ्याचे निर्णय थेट वर्गात पोचतात. ‘लोहित देवनागरी’ या फॉन्टमध्ये ल आणि श मूळचे हिंदी वळणाचे आहेत. मराठी वळणही त्यात आहे, पण मजकूर मराठी आहे हे प्रोग्रॅमला कळले तरच ते उमटते. म्हणून डेबियनने मराठीसाठी लोहितचे वेगळे पॅकेज ठेवले आहे. पाकळीचा ल आणि देठाचा श लिहावा, असे शासनाने २००९ मध्ये ठरवले. पहिलीचे मूल पाटीवर एक ल गिरवते आणि पडद्यावर दुसराच पाहते. शिक्षकाने दोन पॅकेजांतला हा फरक ओळखावा, ही अपेक्षा आम्हाला जास्त वाटते.

दुसरी अडचण वितरणाची. २००५ मध्ये डेबियन ३.१ तब्बल १४ सीडींवर मिळे. तो गठ्ठा एस.टी.नेही गावी नेता येई. आता बरीचशी मांडणी नेट गृहीत धरते. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एखाद्या शाळेत नेट नसेल, तर ‘ॲप्ट-ऑफलाइन’ आहे. शाळेतल्या संगणकावर हव्या त्या पॅकेजांची यादी करायची, ती पेनड्राइव्हवर धुळ्याला न्यायची, तिथे माल उतरवून परत आणायचा. उत्तम सोय; पण ती मुद्दाम मागवावी लागते. ती पहिल्यापासूनच का बसवत नाहीत?

आमची खरी तक्रार मात्र तिसरी आहे. १३ व्या आवृत्तीत ३२-बिट पीसींसाठी कर्नल नाही आणि बसवणीचा प्रोग्रॅमही नाही. इतक्या जुन्या यंत्रांची देखभाल स्वयंसेवकांनी कुठवर करायची, हा प्रश्न रास्त आहे. तरी बँका-कचेऱ्यांनी टाकलेले संगणक जिथे दान म्हणून येतात, त्या प्रयोगशाळांना लिनक्सचाच आधार होता. चोपडा-यावलकडच्या ज्या शिक्षकांकडे अशी यंत्रे असतील, त्यांनी १२ व्या आवृत्तीवरच थांबावे. तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या जून २०२८ पर्यंत मिळणार आहेत.