लाकडाचा तापजन्य वर्ण आणि टिकाऊपणाची कसोटी

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील जानेफळसारख्या शेतीप्रधान गावात उष्णतेने लाकडाचा रंग पालटतो, हे कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव तापवून लाकडी घेऱ्यावर बसवितात व लगेच पाणी ओततात. धाव आकुंचन पावून चाक आवळते आणि तिच्याखाली बाभळीच्या लाकडावर काळी कड उमटते. त्या कडेवरून चाकाची मजबुती कोणी अजमावीत नाही. इमारती लाकडाच्या बाबतीत मात्र ‘गडद तेवढे टिकाऊ’ असा समज आढळतो. उष्णतासंस्कारित लाकूड बाजारात आल्यापासून तो तपासून पाहणे अगत्याचे झाले आहे.

धावेखालचा काळेपणा हा पृष्ठभाग करपल्याचा परिणाम होय. उष्णतासंस्काराची प्रक्रिया निराळी. फिनलंडमध्ये १९९० नंतरच्या दशकात विकसित झालेल्या ‘थर्मोवुड’ पद्धतीत सूचिपर्णी लाकूड वाफेच्या आवरणात, प्राणवायू अत्यल्प ठेवून, १९० किंवा २१२ अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. प्रथम हेमिसेल्युलोजचे विघटन होते; त्यातून निघणारे अॅसेटिक आम्ल ही क्रिया वाढविते; लिग्निनमध्येही बदल घडून रंगीत संयुगे निर्माण होतात. परिणामी तपकिरी छटा केवळ पृष्ठभागावर न राहता सबंध जाडीत उतरते. असे लाकूड हवेतील ओलावा कमी शोषते आणि कमी फुगते. येथवर रंग हा अंतर्गत बदलाचा साक्षीदार ठरतो, हे मान्य केले पाहिजे.

तथापि या साक्षीला मर्यादा आहेत. अधिक तापमानात थोडा वेळ किंवा कमी तापमानात दीर्घकाळ ठेवूनही जवळजवळ सारखीच छटा मिळू शकते. म्हणून रंगमापनावरून संस्काराची तीव्रता ठरविणे एकाच जातीच्या लाकडापुरते आणि एकाच प्रक्रियेपुरतेच ग्राह्य होय. शिवाय ही छटा उघड्या उन्हात टिकत नाही. अतिनील किरणांनी ती विटून करडी पडते.

सर्वांत घातक भ्रम सागवानाशी केलेल्या तुलनेतून उद्भवतो. सागाच्या गाभ्याला वाळवीपासून मिळणारे संरक्षण मुख्यतः टेक्टोक्विनोनसारख्या नैसर्गिक द्रव्यांमुळे असते. तापवून सागाच्या रंगाला आणलेल्या हलक्या लाकडात ही द्रव्ये निर्माण होत नाहीत. त्याची कुजण्याविरुद्धची शक्ती वाढते. पण वाळवीपासून त्याला भरवशाचे संरक्षण लाभत नाही. उलट हेमिसेल्युलोज घटल्याने ते अधिक ठिसूळ होते व त्याचे वाकबल कमी होते. म्हणून भार पेलणाऱ्या तुळईसाठी ते योग्य मानले जात नाही.

घर बांधणाऱ्या शेतकऱ्याची पुंजी अशा चुकीच्या अनुमानावर खर्ची पडू नये. भिंतीच्या आच्छादनाला वा फर्निचरला संस्कारित लाकूड उत्तम. परंतु त्याच्या विक्रीत लाकडाची जात, संस्काराचे तापमान आणि योग्य उपयोग यांचा स्पष्ट निर्देश असावा. केवळ वर्णावरून केलेली पारख ही पारख नव्हे.