सांधा

‘डीजे’ हा शब्द आपल्याकडे आला तो त्यातला माणूस वगळून. विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रकवर रचलेली, खिडक्यांची तावदाने हलविणारी ध्वनिक्षेपकांची भिंत, तिला आपण डीजे म्हणतो. मूळ शब्दाचा धनी मात्र माणूस आहे. तबकड्या निवडून, एकीला दुसरी जोडीत, अख्खी रात्र नाचती ठेवणारा. त्याच्या करामतीवर दिवाळी अंकात टीकालेख कशाला, असे काही वाचक म्हणतील. परंतु ज्या कामात एक सांधा सुरेख आणि दुसरा ओबडधोबड ठरू शकतो, तेथे टीकेला जागा आहे असे मी समजतो.

या माणसापुढे दोन तबकडीयंत्रे असतात आणि मध्ये मिक्सर. मिक्सरवर प्रत्येक यंत्राच्या आवाजासाठी वरखाली सरकणारा स्वतंत्र फेडर असतो. शिवाय खाली, आडवा सरकणारा आणखी एक असतो, तो क्रॉसफेडर. तो डावीकडे नेला की डावी तबकडी ऐकू येते, उजवीकडे नेला की उजवी, मधोमध दोन्ही. हा आडवा फेडर वापरावा की नाही, यावर या मंडळींत मोठा वाद आहे. आपल्याकडे घराणी गळ्यावरून पडली म्हणतात. इथे ती बोटभर लांबीच्या दांडीवरून पडली!

न्यूयॉर्कच्या ‘सँक्च्युअरी’ या नृत्यगृहात १९७० च्या सुमारास फ्रान्सिस ग्रासो तबकड्या लावीत असे. दोन गाण्यांची लय जुळवून ती एकमेकांत मिसळविण्याचे तंत्र त्याने रूढ केले. लय जुळविणे म्हणजे काय? एका गाण्यात मिनिटाला १२० ठोके आणि दुसऱ्यात १२४ असले, तर दुसरी तबकडी सुमारे सव्वातीन टक्के सावकाश फिरवावी लागते. तिची पट्टीही तेवढी उतरते, आणि ज्याला कान आहे त्याला ते कळते. पुढे १९७९ साली आलेल्या ‘टेक्निक्स एसएल-१२०० एमके२’ या यंत्राने वेग आठ टक्क्यांपर्यंत कमीजास्त करण्याची सोय एका फेडरवर आणून ठेवली. ग्रासोची गाजलेली जोडणी होती ती शिकागो या वाद्यवृंदाच्या ‘आय अ‍ॅम अ मॅन’मधल्या ढोलांवर लेड झेपेलिनच्या ‘होल लॉटा लव्ह’मधला आवाज सोडण्याची. या जोडणीत खालचे ढोल कमी करावयाचे नसतात. ते ठाम उभे राहतात आणि वरचा आवाज त्यांच्यावर येतो, रेंगाळतो, जातो.

माझ्या मते सगळा मुद्दा येथेच आहे. आडवा फेडर दोन निर्णयांचा एक निर्णय करतो. नवे गाणे केव्हा आणि किती यावे हा एक प्रश्न. जुने केव्हा आणि किती जावे हा अगदी वेगळा. साध्या क्रॉसफेडरवर एक जितके वर येते तितके दुसरे खाली जाते, जणू पाहुणा उंबऱ्यात आला की यजमानाने उठून निघालेच पाहिजे! काही यंत्रांवर मध्यभागी दोन्ही आवाज पूर्ण ठेवण्याची सोय असते, हे कबूल. तरीही पहिले ओसरू लागण्याआधी दुसरे पूर्ण यायलाच हवे, हा क्रम उरतोच. चार-चार मिनिटांची संथ मिसळण करणाऱ्याने उभ्या फेडरांवर दोन हात ठेवावेत, हेच मला योग्य वाटते.

पण त्याच शहराच्या ब्राँक्स भागात निराळेच चालले होते. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तेथे सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरील एका इमारतीत कूल हर्क याने तबकड्या लावल्या, आणि त्या रात्रीपासून हिप-हॉपचा जन्म मोजतात. गाण्यातला नुसत्या ढोलांचा तुकडाच नाचणाऱ्यांना हवा असतो, हे हर्कने हेरले. ग्रँडमास्टर फ्लॅशने मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तो तुकडा ठोक्याबरहुकूम पुन्हा पुन्हा फिरविला. येथे मिसळण नाहीच, येथे काप आहे. एक हात तबकडीवर गुंतलेला, म्हणून दुसऱ्या हाताला एकच दांडी हवी, आणि तीही केसभर सरकताच आवाज उघडणारी. हळुवारपणे एकातून दुसऱ्यात नेणारे हे साधन ब्राँक्सच्या पोरांनी कात्रीसारखे चालविले, याची मला फार मौज वाटते.

फ्लॅशची १९८१ ची ‘अ‍ॅडव्हेंचर्स ऑन द व्हील्स ऑफ स्टील’ ही सुमारे सात मिनिटांची तबकडी जिज्ञासूंनी जरूर ऐकावी. शीक, क्वीन, ब्लाँडी यांच्या गाण्यांचे तुकडे तीत एकापुढे एक येतात आणि एकही सांधा लपविलेला नाही. गोधडीचे टाके दिसतात तसे ते दिसतात, आणि तेच तिचे सौंदर्य. मधला गोष्टी सांगणाऱ्या आवाजांचा भाग मला सैल वाटतो. पण ‘गुड टाइम्स’चा मंद्र स्वरांचा पाया परत येतो तेव्हा सगळे क्षम्य ठरते. हे काम उभ्या फेडरांवर करणे म्हणजे सुपारी विळीवर कातरणे.

या दोन्हींहून वेगळा डेव्हिड मॅन्कुसो. १९७० पासून न्यूयॉर्कमध्ये ‘लॉफ्ट’ नावाने ओळखल्या गेलेल्या आपल्या घरच्या मैफली तो भरवीत असे. २०१६ साली तो वारला. पुढे पुढे त्याने मिक्सरच काढून टाकला. गाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचे, मग क्षणभर शांतता, मग दुसरे. हा मला थोडा सोवळेपणा वाटतो. दोन गाणी एकत्र येऊन जे तिसरे निघते, त्याला तो मुकला. मात्र त्याच्या मैफलीत पुढचे गाणे कोणते, या निवडीला लपायला जागा नव्हती.

आज संगणक लय आपोआप जुळवून देतो. यंदाच्या दिवाळीत कोणाच्या घरी मुलाने वा मुलीने हे यंत्र आणले असेल, तर त्यांना एवढेच सांगावे: आडवा फेडर मधोमध ठेवून त्यावर चिकटपट्टी लावा आणि दोन महिने उभ्यांवरच जोडणी करा. मग पट्टी काढा, एकाच गाण्याच्या दोन प्रती घ्या, आणि चार ठोक्यांचा एक तुकडा न अडखळता सोळा वेळा फिरवून दाखवा. शेजाऱ्यांसाठी हेडफोन असतोच.