भरपाई आणि प्रतीक्षा : सामाजिक सुरक्षा संहितेच्या सातव्या प्रकरणाचे परीक्षण

कायद्याचे परीक्षण करताना नव्या कलमांची जुन्या कलमांशी तुलना करून भागत नाही. ज्या आपत्तीवर उपाय म्हणून तो कायदा अवतरला, त्या आपत्तीचे स्वरूप त्याला कितपत उमगले आहे, हेही पाहावे लागते. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई अधिनियम २००९ च्या दुरुस्तीने कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम झाला. पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली, तेव्हा तो तिच्या सातव्या प्रकरणात सामावला गेला. ह्या प्रकरणाच्या सर्वांगांचा विचार येथे कर्तव्य नाही. मालक आणि विमा कंपनी ह्यांच्याकडून भरपाई वेळेवर मिळण्याची हमी त्यात कितपत आहे, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखापुरता घेतला आहे.

आरंभी एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. नाशिकजवळच्या सातपूर किंवा अंबड वसाहतीतील मोठ्या कारखान्यात २१,००० रुपयांपर्यंत मासिक वेतन घेणारा कामगार साधारणतः कर्मचारी राज्य विमा योजनेत येतो. ही वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ पासूनची आहे. अशा कामगाराला अपघात झाल्यास देणे महामंडळाचे असते, मालकाचे नव्हे. आणि ते देणे वेतनाच्या नव्वद टक्के दराने नियतकालिक हप्त्यांत मिळते. त्याच वसाहतीतील दहापेक्षा कमी माणसांच्या छोट्या कारखान्यातला फिटर, वेतनमर्यादा थोडीशी ओलांडलेला पर्यवेक्षक किंवा निफाड-दिंडोरीकडे ट्रॅक्टरने चालणाऱ्या शेतीत राबणारा मजूर मात्र सहसा ह्या छत्राबाहेर राहतो. त्याच्यासाठी सातवे प्रकरण आहे. भरपाई देण्याचा भार येथे मालकावर असतो. मालकाने विमा उतरविला असेल तरच विमा कंपनी पुढे येते. हात एकाच प्रकारच्या यंत्रात सापडतो. परंतु एकाला हप्ता मिळतो आणि दुसऱ्याला दावा मांडावा लागतो.

दावा मांडणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रातीलच एका प्रकरणावरून स्पष्ट होते. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलने निघाला होता. कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात त्याचा मृत्यू झाला. आयुक्त म्हणून काम पाहणाऱ्या दिवाणी न्यायाधीशांनी ३,२६,१४० रुपये आणि त्यांवर २२ मे २००३ पासून १२ टक्के व्याज मंजूर केले. विमा कंपनीचे म्हणणे असे की, कामावर जातानाचा अपघात हा नोकरीच्या ओघातला अपघात नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ते मान्य करून निवाडा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी तो पुन्हा कायम केला. घर आणि कामाची जागा ह्यांमधील प्रवासात झालेला अपघात, परिस्थिती, वेळ आणि स्थळ ह्यांचा कामाशी संबंध दिसून आल्यास, नोकरीतूनच उद्भवला असे मानावे, हे तत्त्व त्या निकालाने जुन्या अधिनियमालाही लावले. संहितेत ते आता शब्दांकित झाले आहे. पेठ आणि सुरगाण्याहून हंगामात मजूर वाहनांत दाटीवाटीने बसून बागांकडे येतात, त्या ह्या जिल्ह्यात ह्या तरतुदीचे मोल वेगळे सांगावयास नको.

तथापि ह्या विजयाचा हिशेब मांडला पाहिजे. जुन्या अधिनियमात मृत्यूची भरपाई मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणून काढीत. त्यावेळी हिशेबात धरावयाच्या वेतनाची कमाल मर्यादा ४,००० रुपये होती. तिचे निम्मे २,००० रुपये, त्यांस १६३.०७ ह्या गुणकाने गुणले की नेमके ३,२६,१४० येतात. त्यावर वर्षाचे सरळव्याज ३९,१३६ रुपये ८० पैसे, म्हणजे बावीस वर्षांचे सुमारे ८ लाख ६१ हजार. व्याज मुद्दलाच्या अडीचपटीहून अधिक झाले. ही रक्कम मोठी वाटते. परंतु कर्ता पुरुष गेल्यावर मुलांच्या शिक्षणाची आणि घरातील वृद्धांच्या औषधोपचाराची जी वर्षे होती, ती २०२५ च्या व्याजाने परत येत नाहीत. भरपाई ही वेतनाच्या जागी येणारी वस्तू आहे, आणि वेतन दरमहा लागते.

विधिमंडळाला हे अगदीच अज्ञात होते असे नाही. भरपाई देय होताच द्यावी, महिन्याभरात न दिल्यास १२ टक्के व्याज आणि सबळ कारण नसल्यास रकमेच्या निम्म्यापर्यंत जादा दंड द्यावा, ही तरतूद जुन्या अधिनियमात होती आणि संहितेतही आहे. भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, निवाड्याच्या दिवशी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायाधीशांच्या पीठाने १९७५ च्या प्रतापनारायण सिंह देव प्रकरणात सांगितले. २००९ च्या दुरुस्तीने तीन महिन्यांत दावा निकालात काढण्याची मुदतही घातली. मग उणीव कोठे आहे?

उणीव अशी की, विलंबाचा खर्च विलंब करणाऱ्यावर पडतोच असे नाही. २००६ च्या हर्षदभाई मोधिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, ह्या अधिनियमाने विमा सक्तीचा केलेला नाही. म्हणून व्याज आणि दंड आपण देणार नाही अशी अट विमा कंपनी करारात घालू शकते. परिणाम असा होतो की दावा लढवावा की भरपाई द्यावी ह्याचा निर्णय व्यवहारात बव्हंशी विमा कंपनी करते, आणि तो निर्णय लांबल्याचे व्याज मात्र अशा करारात मालकावर पडते. तो मालक दहा माणसांचा कारखानदार असेल, तर वसुलीच्या वेळी त्याचा कारखाना शिल्लक असेलच ह्याची शाश्वती नाही. कलमातली निकड करारातल्या एका वाक्याने निष्प्रभ होते.

ह्यावर असे म्हटले जाईल की, विमा कंपनीजवळचा निधी इतर विमाधारकांचा आहे आणि खोटे दावे पारखून घेणे हे तिचे कर्तव्यच आहे. हा आक्षेप निराधार नाही. परंतु त्याचे उत्तर कायद्यानेच दिले होते : जितके दायित्व मान्य असेल तितकी रक्कम तात्पुरती भरावी, उरलेल्याबद्दल वाद घालावा. अडचण एवढीच की, संपूर्ण दायित्व नाकारणाऱ्याला ह्या नियमाने काहीच भरावे लागत नाही. जो अधिक नाकारतो त्याचे बंधन कमी होते, अशी ही उफराटी रचना आहे.

संहिताकारांना ही गाठ सोडविण्याची संधी होती. त्याच संहितेच्या पाचव्या प्रकरणात उपदानाच्या दायित्वासाठी मालकाला विमा सक्तीचा केला आहे. मोटार वाहन अधिनियमात विमा सक्तीचा आहे. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा अधिनियमाने घातक पदार्थ हाताळणाऱ्याला विमा उतरविणे भाग पाडले, पण ते कामगाराखेरीज इतरांच्या हानीसाठी. म्हणजे कारखान्याच्या कुंपणाबाहेरील माणसासाठी सक्ती आहे, नोकरी सोडून जाणाऱ्यासाठी सक्ती आहे. कुंपणाच्या आत नोकरी करीत असता मरणाऱ्यासाठी, तो कर्मचारी राज्य विम्यात नसेल तर, नाही. ह्या विसंगतीचे समर्थन शोधूनही सापडत नाही.

रकमेच्या बाबतीत मात्र सुधारणा झाली, हे मान्य केले पाहिजे. हिशेबातील वेतनमर्यादा ४,००० वरून ३१ मे २०१० रोजी ८,००० आणि ३ जानेवारी २०२० रोजी १५,००० झाली. तीस वर्षांच्या कामगाराचा गुणक २०७.९८ धरता मृत्यूची कमाल भरपाई ४,१५,९६० वरून १५,५९,८५० रुपयांवर गेली. पण शंभर वर्षांतील बहुतेक सुधारणा अशा रकमेच्याच आहेत. काळाविषयी जे लिहिले गेले ते उपदेशाच्या स्वरूपाचे राहिले. त्यामागे पैसे देणाऱ्याला बांधील करणारी यंत्रणा उभी राहिली नाही.

तात्पर्य, सातव्या प्रकरणाला तीन गोष्टींची जोड हवी : कर्मचारी राज्य विम्याबाहेरील मालकांना सक्तीचा विमा; व्याजाची जबाबदारी करारातून वगळता न येण्याचे बंधन; आणि नोकरी व मृत्यू हे दोन्ही निर्विवाद असताना, दायित्वाचा वाद चालू असतानाही वारसांना किमान हप्ता. ह्यांपैकी एकही कल्पना आपल्या कायद्याला परकी नाही. तिन्हींची बीजे अन्य कलमांत वा अन्य अधिनियमांत आहेतच. आयुक्तांच्या निवाड्यांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनी मंजूर रकमेच्या रकान्याशेजारी अपघाताची तारीख आणि रक्कम हाती पडल्याची तारीख असे आणखी दोन रकाने आखावेत. ह्या कायद्याच्या यशापयशाचे मोजमाप त्या दोन तारखांमधील अंतराने केले पाहिजे.