सिंहासन की धम्मासन?

वेरूळच्या दहाव्या लेण्यात स्तूपापुढे पाय सोडून बसलेली बुद्धमूर्ती आहे. तिला 'सिंहासनाधिष्ठित' म्हणण्याचा प्रघात नांदूरघाटापासून वेरूळपर्यंत आपल्या मराठवाड्यात रूढ आहे. आम्हांस तो चिंत्य वाटतो. मराठीत सिंहासन म्हणताच रायगडावरील १६७४ चा राज्याभिषेक आठवतो, नाहीतर अरुण साधूंची कादंबरी. दोन्हीकडे अर्थ सत्तेचाच.

पालीतील 'धम्मासन' निराळे. विनयातील सेखिय नियमानुसार, ऐकणारा आजारी नसल्यास, भिक्खूने खाली बसून उच्चासनस्थास धम्म सांगू नये. त्यामागील कथा छवक जातकातही येते. हीन लेखलेल्या कुळातील एक मनुष्य आंब्याच्या झाडावर लपलेला असतो. खाली राजा उंच आसनावर बसून मंत्र शिकतो, ब्राह्मण नीच आसनावरून शिकवितो. तो मनुष्य दोघांनाही दोषी ठरवितो. (आपण आंबे चोरावयास आलो, हेही तो कबूल करतो!) राजाने खाली बसावे, ते विद्येपुढे.

विहारासंबंधी 'गादी' हा शब्द तर आम्हांस मुळीच मान्य नाही. गादीला वारस लागतो. तथागतांनी महापरिनिब्बानसमयी कोणासही वारस नेमले नाही, धम्म आणि विनय हेच शास्ता राहतील असे आनंदास सांगितले.