करंजाच्या जोडखोडांमधून

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या घरामागे करंज-कडुनिंबांची एक राई आहे. तिथे डिस्क गोल्फचं आखीव मैदान नाही, तबकडी जिच्यात फेकायची ती साखळ्यांची टोपली तर नाहीच. भाच्याने अमेरिकेहून तीन तबकड्या आणल्या आणि आम्ही मामा-भाचे झाडांनाच भोक मानून खेळायला लागलो. त्याला यात थोडा कमीपणा वाटे. मला नाही, कारण हा खेळ सुरू झाला तो असाच: झाड, दिव्याचा खांब, कचऱ्याचा डबा, समोर दिसेल त्यावर नेम. कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये १९७५ साली एड हेड्रिक यांनी कायमचं पहिलं मैदान आखलं, तेव्हा तिथेही नुसते खांबच होते. टोपली त्यांनी मागाहून शोधली.

आमच्या राईतलं तिसरं भोक मला सगळ्यांत प्रिय. फेकायचं बुजलेल्या विहिरीच्या कठड्यापासून. वीस पावलांवर करंजाची दोन खोडं, मधली फट जेमतेम दोन हात. तिच्यापलीकडे, किंचित डावीकडे, म्हातारा कडुनिंब. त्याच्या खोडाला तबकडी लागली की भोक संपलं.

नवखा इथे पातळ कडेची, लांब पल्ल्याची तबकडी उचलतो. राईत ती निव्वळ मिजास. मी जाड कडेची, मंद चालीची घेतो. उजव्या हाताने, छातीवरून ओढून सोडलेली तबकडी घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते. वेग आहे तोवर ती सरळ राहते, कधी जराशी उजवीकडेही कलते. वेग ओसरला की हवेचा दाब तिची पुढची कड उचलू पाहतो. पण फिरत्या वस्तूवरचा जोर पाव फेरा पुढे जाऊन उमटतो, म्हणून नाक वर होण्याऐवजी तबकडी डावीकडे झुकते. आमचा कडुनिंब नेमका त्या झुकण्याच्या टोकाला उभा आहे. राई लावणाऱ्याच्या हे स्वप्नातही नसेल.

फटीतून जाताना मात्र ती जराही थरथरता कामा नये. ग्वाल्हेरच्या गाण्यावर कान तयार झालेल्याला सपाट तान कळते: गिरकी नाही, नखरा नाही, सूर ओळीने येऊन जातात. फेकही तशीच हवी. इथे मनगटाने जास्तीचं काही केलं की खोडावर ‘फट्’ असा कोरडा आवाज होतो आणि तबकडी धोतऱ्यात.

फाल्गुनात करंज पानं गाळतो तेव्हा फट ऐसपैस वाटते. वाटते एवढंच, त्या दिवसांत मी जास्त चुकतो. चैत्रात नवी चकचकीत पालवी आली की नजर आपोआप खोडांवर येते आणि हात नीट चालतो. तबकडी फांदीत अडकली तर पुढची फेक तिच्या बरोबर खालून, असा नियम आहे. आमच्याकडे त्याआधी बांबू शोधावा लागतो.

परवा माझी फेक उजव्या करंजाला लागली, उलटली, डाव्याला घासली आणि घरंगळत कडुनिंबाच्या मुळाशी जाऊन पडली. मी जाऊन ती हलकेच खोडाला टेकवल्यासारखी फेकली आणि कठड्यावर विटेच्या तुकड्याने दोनचा आकडा लिहिला.

“मामा, पहिली फेक तुमची नव्हे, झाडांची होती,” भाचा म्हणाला.

“मग झाडांच्या नावावर एक लिही,” मी म्हटलं, “माझ्या नावावर एकच राहू दे.”